तात्यांचा विराम

ध्वनिमाध्यमात काम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून शांततेची धास्ती घातली जाते. निवेदक मध्येच थांबला, तर संच बिघडला की प्रक्षेपण बंद पडले हे श्रोत्याला कळत नाही, आणि त्याचा हात दुसरे केंद्र लावायला जातो. सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागात मी श्रुतिका म्हणजे रेडिओनाटिका यांचे लेखन आणि ध्वनिमुद्रण शिकवतो; विद्यार्थ्यांना मीही हेच सांगत आलो आहे. म्हणूनच गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू असताना, आमच्या लहानशा स्टुडिओत जे घडले ते नीट लिहून ठेवावेसे वाटते.

त्या सत्रात अभ्यासासाठी मी जॅक बेनी हा अमेरिकन विनोदी नट निवडला होता. त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १८९४ चा, शिकागोतला. वाढला तो जवळच्या वॉकीगन गावात. मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. मुलाने व्हायोलिनवादक व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती आणि तो वाद्य घेऊनच रंगमंचावर आला. पहिल्या महायुद्धात नौदलात असताना खलाशांपुढे वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्यांनी हुर्यो उडवली; वेळ निभावण्यासाठी तो जे काही बोलला त्याला मात्र हशा मिळाला. पुढे १९३२ मध्ये त्याचा रेडिओवरील कार्यक्रम सुरू झाला आणि १९५५ पर्यंत, प्रायोजक बदलले तरी, तो चालत राहिला. दूरचित्रवाणीवरही त्याने दीर्घकाळ काम केले, पण माझ्या वर्गाला त्याचा रेडिओच हवा होता.

याचे कारण असे की बेनीने विनोदी चुटक्यांची माळ ओवली नाही, एक माणूस उभा केला. हा माणूस कंजूष, स्वतःवर खूश, वर्षानुवर्षे वय एकोणचाळीसच सांगणारा आणि व्हायोलिन भयंकर वाजवणारा. त्याची खडखडणारी जुनी मॅक्सवेल गाडी होती, तिची धाप मेल ब्लँक हा कलाकार तोंडाने काढत असे. घराच्या तळघरात त्याची तिजोरी होती आणि तिच्यावर पहारेकरी. एडी अँडरसन या कृष्णवर्णीय नटाने रंगवलेला रॉचेस्टर हा नोकर मालकाला सुनावण्यात कधी मागे राहत नसे. उत्तम वाक्ये बेनी बहुधा सोबतच्या कलाकारांना देई आणि हशा स्वतःवर घेई. मुख्य नटाने असे करणे किती कठीण आहे, हे श्रुतिका बसवणाऱ्यालाच कळेल.

२८ मार्च १९४८ च्या भागात रात्री घरी परतणाऱ्या या कंजुषाला चोर अडवतो आणि विचारतो, ‘पैसे देतोस की जीव?’ बेनी गप्प. काहीच ऐकू येत नाही, आणि त्या काहीच नसण्यात प्रेक्षागृह हसू लागते. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा तो वैतागून म्हणतो की मी विचार करतोय. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या १९४२ च्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या चित्रपटात त्याने वॉर्सातल्या एका गर्विष्ठ नटाची भूमिका केली. हॅम्लेटचे स्वगत सुरू होताच प्रेक्षकांतला एक तरुण उठून बाहेर जातो, तेव्हा कॅमेऱ्याला बेनीचा चेहरा मिळतो. रेडिओवर मात्र चेहराही नाही. तो खरोखर कंजूष होता का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. प्रत्यक्षात तो सढळ हाताचा होता आणि वाद्यवृंदांच्या मदतीसाठी व्हायोलिन घेऊन मैफली करत असे, हे सांगितल्यावर तिला ते पात्र अधिकच आवडले.

या अभ्यासावरून विद्यार्थ्यांनी ‘तात्या’ नावाचे पात्र रचले. तात्या म्हणजे बंद पडलेल्या गिरणीतले निवृत्त कारकून. चहाची पूड वाळवून पुन्हा वापरणारे आणि कडक भाकरीचा चुराही डब्यात भरून ठेवणारे. त्यांचे भाग आम्ही दर शनिवारी वसतिगृहाच्या सभागृहात ऐकवत होतो. जानेवारीच्या भागात होम मैदानावरून रात्री परतताना तात्यांना चोर गाठतो, असा प्रसंग बेनीचे ऋण उघडपणे सांगून बेतला होता. तात्या करणारा मुलगा पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा. तालमीत मी त्याला विचारले की उत्तरापूर्वी किती थांबायचे हे तू कसे ठरवणार. तो म्हणाला, “सर, आमच्या घरी माग चालू असतो तोवर आवाज कुणाला ऐकू येत नाही. माग बंद पडला की सगळे माना वर करतात. तेवढं थांबतो.”

सकाळी बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर हा भाग थेट सादर झाला. चोराने प्रश्न विचारला, मुलगा थांबला आणि कुणीही हसले नाही. एका पाहुण्याने काचेपलीकडे माझ्याकडे पाहून यंत्रात बिघाड झाला का, असे हातानेच विचारले. उत्तराचे वाक्य आल्यावर थोडे स्मित उमटले, तेवढेच. चहाच्या वेळी विराम कमी करण्याचा सल्लाही मिळाला. मुलगा उतरल्या चेहऱ्याने संहिता चाळत बसला होता, पण विराम कमी करू का, असे त्याने मला विचारले नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

संध्याकाळी सभागृहात नेहमीचे श्रोते होते. वसतिगृहातली मुले होती आणि दर शनिवारी भांडी आवरून येणाऱ्या खानावळीतल्या मावशी होत्या. चोराचा प्रश्न झाला. मिक्सरवर बसलेल्या आमच्या अनुभवी तंत्रज्ञ काकांचा हात सवयीने संगीताच्या फेडरकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीकडे गेला. मी मान हलवली आणि त्यांनी तो मागे घेतला. पडद्यावरची ध्वनिलाट सपाट झाली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मावशींचे हसू फुटले, मग दोन-तीन मुले हसली आणि तात्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सगळे सभागृह हसत होते. मुलाने तो हशा पूर्ण ओसरू दिला, चोराला पुन्हा दरडावू दिले आणि मग शांतपणे म्हटले, “थांब की, विचार करतोय!” त्यानंतरच्या टाळ्यांमुळे पुढची दोन वाक्ये मुद्रणात वाहून गेली आहेत.

संहिता, नट आणि विराम सकाळी आणि संध्याकाळी सारखेच होते. फरक श्रोत्यांच्या आठवणीत होता. चहापूड वाळवणारे तात्या ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच त्या शांततेत तात्यांच्या मनातला हिशेब ऐकला. बेनीच्या श्रोत्यांनाही १९४८ पर्यंत तो सोळा वर्षांचा ओळखीचा झाला होता. त्या विरामामागची मेहनत मला तोवर केवळ वाचून माहीत होती.

आमच्या अंतिम परीक्षेत आजवर एकच सुटी श्रुतिका मागवली जात असे. तिच्याऐवजी एकाच पात्राची चार भागांची मालिका मागवावी आणि बाहेरच्या परीक्षकांनी आधीचे भाग ऐकूनच शेवटच्या भागाला गुण द्यावेत, असा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीत मांडला आहे. त्याला जोड म्हणून सकाळचे आणि संध्याकाळचे अशी दोन्ही मुद्रणे दिली आहेत.