ड्यूक एलिंग्टन, 1927 ते 1973

आजची सुट्टी पूर्ण ड्यूक एलिंग्टनला, म्हणजे जॅझच्या अमेरिकन संगीतकार, पियानोवादक आणि बँडप्रमुखाला दिली. आरसीए व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्याने 1927 ते 1973 या काळात केलेल्या ध्वनिमुद्रणांचा 24 सीडींचा संच आहे, जन्मशताब्दीला, 1999 मध्ये निघालेला. सगळा एका दिवसात ऐकणं शक्यच नाही, म्हणून सुरुवात, मधलं 1940 साल आणि शेवटाकडचं थोडं असं ऐकलं.

सुरुवातीच्या तबकड्यांत त्याच्या बँडमधला ट्रम्पेटवादक बबर माइली, मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबराचा कप ट्रम्पेटच्या तोंडावर धरून, सूर असा गुरगुरवतो की अंगावर काटा येतो. आणि हे सगळं जेमतेम तीन मिनिटांत, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं!

1940 मध्ये बँडमधल्या जिमी ब्लँटनचा डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) ऐकाच. नुसता ठेका धरत नाही, गातो. 1942 मध्ये क्षयाने गेला, अवघा 23 वर्षांचा. फार हळहळ वाटते. हॅरी कार्नी मात्र 1927 पासून ड्यूक जाईपर्यंत त्याच्याच बँडमध्ये. त्याचा भरीव बॅरिटोन (खालच्या पट्टीतला) सॅक्सोफोन कुठल्याही सालात लगेच ओळखू येतो.

पण मला आज पुरतं हलवलं ते 1967 च्या ‘लोटस ब्लॉसम’ने. ही रचना ड्यूकचा मित्र आणि त्याच्या बँडसाठी रचना करणारा बिली स्ट्रेहॉर्न याची, आणि तो त्याच वर्षी गेला होता. ध्वनिमुद्रण संपून वादकांची आवराआवर चालली आहे, मागे गप्पा ऐकू येतात, आणि ड्यूक एकटाच पियानोवर मित्राची धून वाजवतोय. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा डोळे भरून आले.

ज्यांना जॅझ म्हणजे गोंगाट वाटतो त्यांनी आधी हेच ऐका, मग 1940 कडे वळा. कुणाला हवं असेल तर सांगा, यादी करून देते.