सेंच्युरियन, नोंद सातवी: टरेटवरचं पांढरं अखेर गेलं

मंडळी, माझ्या सेंच्युरियन रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलबद्दल गेले अकरा दिवस काही लिहिलं नाही. कारण मागच्या नोंदीत ज्या मॅट कोटबद्दल (चमक घालवणारा पारदर्शक थर) इतक्या खात्रीने लिहिलं होतं, त्यानेच सगळा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) पांढरा करून ठेवला. काल रात्री पावणेअकराला तो पुन्हा हिरवा झाला. आज सकाळी उन्हात धरून पाहिला, अजूनही हिरवाच आहे. म्हणून आता लिहायला बसलो.

जे पहिल्यापासून वाचत आहेत त्यांना माहीत आहेच, पण थोडक्यात: तामिया कंपनीचं १/२५ मापाचं सेंच्युरियन मार्क ३ चं किट, माझा पहिलाच मॉडेल रणगाडा. एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅबचा बेस, त्यावर फिकट पॅनेल, ग्लॉस (चकचकीत पारदर्शक थर), मग कॅमलच्या ऑइल कलरमधल्या बर्न्ट अंबरचा पिन वॉश (खाचा-कडांभोवती सोडलेला पातळ रंग). तो वॉश सहा दिवस वाळू दिला होता. ऑइल कलर आधी पुठ्ठ्यावर काढून रात्रभर ठेवायचा, म्हणजे त्यातलं तेल पुठ्ठा पितो आणि वॉश मॅट बसतो, ही नाशिकच्या काकांनी सांगितलेली युक्ती शंभर टक्के खरी निघाली. बोल्टभोवती इतकी बारीक रेघ माझ्या हातून येईल असं मला वाटलं नव्हतं. मोठ्या आनंदात मॅट स्प्रेचा कॅन घेऊन बाल्कनीत गेलो.

पुण्यात त्या दिवशी सकाळपासून झिमझिम चालू होती. संध्याकाळी थांबली, हवा मोकळी वाटली, म्हणून फवारलं. वीस मिनिटांनी पाहतो तर टरेटचा वरचा भाग, मॅंटलेट (तोफेच्या मुळाशी असलेली ढाल) आणि उजवीकडचे स्कर्ट (चाकांवरचे बाजूचे पत्रे) पिठात बुडवल्यासारखे. पिन वॉश, चिपिंग (रंग उडाल्याच्या खुणा), स्पंजने दोन संध्याकाळी बसून केलेले ओरखडे, सगळं त्या पांढऱ्याखाली. डावी बाजू मात्र ठीक. एकच कॅन, एकच हात, एकच संध्याकाळ, आणि एक बाजू ठीक! ह्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं.

पहिली चूक मी त्याच रात्री केली. घाईघाईत कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टरेटच्या मागच्या सामानपेटीवर घासलं. पांढरं गेलं, पण त्याबरोबर हिरवाही गेला आणि नखाएवढा करडा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) उघडा पडला. तामियाचे अॅक्रिलिक अल्कोहोलमध्ये विरघळतात, आपण त्यानेच ते पातळ करतो. मग त्यानेच पुसल्यावर दुसरं काय होणार? नवीन मित्रांनो, एवढं तरी लक्षात ठेवा: पांढरं दिसलं की हात बांधून बसा, मॉडेलला काहीही लावू नका.

खरा धागा सापडला तो एअरब्रशच्या कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमध्ये (हवेतलं पाणी अडवणारी बाटली). दुसऱ्या दिवशी रोड व्हीलला (खालच्या चाकांना) एअरब्रश करायला घेतला तेव्हा ट्रॅपमध्ये अर्धा चमचा पाणी साठलेलं. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असायचा. मग मुलीच्या खोलीतला आर्द्रतेचा छोटा मीटर बाल्कनीत नेऊन ठेवला: ८६ टक्के. स्प्रेमधला द्रावक भरभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं हवेतलं पाणी त्यावर बसतं, आणि कोट वाळताना ते आत अडकतं, म्हणून कोट धुरकट होतो. उजवी बाजू पावसाकडे तोंड करून होती, डावी भिंतीकडे. आता उलगडा झाला. दोष कॅनचा नाही, हवेचा आहे.

पण एवढ्याने सुटलं असतं तर अकरा दिवस लागले नसते. मी आईस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे घेतले, तोच प्रायमर, तेच ऑलिव्ह, तोच ग्लॉस, तोच वॉश, आणि मुद्दाम ओल्या हवेत तोच मॅट मारून तिन्ही पांढरे करून घेतले. पहिल्या चमच्यावर तामियाचा एक्स-२२ ग्लॉस एअरब्रशने. पांढरं लगेच गेलं, पण चमचा काचेसारखा चकचकीत, पुन्हा मॅट मारणं आलंच. दुसऱ्यावर मिस्टर लेव्हलिंग थिनर (रंग पातळ करायचा द्रव) जरा सढळ हाताने मारलं. त्यात वाळणं लांबवणारा रिटार्डर असतो. कोट पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी बाहेर पडायला वेळ मिळतो. पांढरं गेलं, पण खालचा बर्न्ट अंबर पसरून तपकिरी डाग झाला. तिसऱ्यावर तेच थिनर, पण धुक्यासारखं, १५ पीएसआयच्या कमी दाबाने, एक हात लांबून, चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून. पांढरं गेलं आणि वॉश जागेवर! त्या चमच्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. बायकोने विचारलं की चमच्यात काय आहे एवढं, तर मला समजावता येईना.

मग टरेट. बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर तासभर चालू ठेवला, मीटर ५२ वर आला, खिडकी जरा उघडी ठेवून मास्क लावून काम केलं. (लेव्हलिंग थिनरचा वास साधा नाही, मास्क म्हणजे फिल्टरवाला, कापडाचा नव्हे.) छप्पर आणि स्कर्ट तिसऱ्या फेरीतच सुधारले. मॅंटलेटच्या खालच्या खाचेत आणि स्मोक डिस्चार्जरच्या (धुराचे गोळे सोडणाऱ्या नळ्यांच्या) मागे मात्र पांढरे कण तसेच. तिथे अडलो. दोन दिवस वाटलं की अजून एक फेरी, अजून एक फेरी. मग भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कळलं, हे धुकं नाहीच, ही भुकटी आहे. कॅन मी नीट हलवला नव्हता आणि खाचेत जास्त फवारा गेला, तिथे मॅट करणारी पूड साचली. म्हणजे पांढरं एकच दिसत होतं, पण कारणं दोन होती. भुकटीवर थिनर चालत नाही, तिथे ब्रशने पातळ एक्स-२२ भरला, ती पूड त्यात बुडून दिसेनाशी झाली. मग सगळ्यावर एक्सएफ-८६ फ्लॅट क्लिअर, अर्धा थिनर घालून, एअरब्रशने, तीन हलके कोट, बंद खोलीत. स्प्रे कॅन मी आता पावसाळा संपेपर्यंत उघडणार नाही. प्रायमरसाठीसुद्धा नाही.

आणि चिपिंग? सगळं परत दिसलं. ड्रायव्हरच्या झाकणाच्या कडेला पेन्सिलीच्या शिशाने घासलेली चमक तर आधीपेक्षा सुंदर दिसते आहे, कारण आजूबाजूचं आता खरंखुरं मॅट आहे.

सामानपेटीवरचा प्रायमरचा डाग रंगवून बुजवणार होतो. पण परवा विचार आला की तिथे ताडपत्रीच का नको? टिश्यू पेपरचा एक थर सुटा केला, पाण्यात फेविकॉल मिसळून भिजवला, घडी घातली, पेटीवर टाकली. वळ्या इतक्या नैसर्गिक पडल्या की आता दुसरी गुंडाळी इंजिन डेकवरही ठेवावी म्हणतो.

धुळीबद्दलही बेत बदलला. मी घराजवळचा मुरूम चाळून ठेवला होता. पण हा रणगाडा आपल्या टेकडीवरचा नाही. पूना हॉर्स ह्या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात शकरगडच्या भागात, बसंतर नदीपाशी लढले. तिथली माती नदीने आणलेली, फिकट, राखाडीकडे झुकणारी. तांबूस मुरूम तिथे दिसला तर सगळं खोटं होईल. म्हणून मुरूम परत कुंडीत गेला आणि सॉफ्ट पेस्टलच्या दोन कांड्या, बदामी आणि राखी, ब्लेडने खरवडून पूड केली. नदीपात्र ओलांडलेला रणगाडा, म्हणून रोड व्हील आणि हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) खाली गडद ओला चिखल, स्कर्टच्या खालच्या कडेला वाळलेला, टरेटवर अगदी पुसट. पूड सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर क्लिअर मारला की ती नाहीशी होते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. सुरुवातीला मी टरेटवर 'फामागुस्ता' लिहिणार होतो, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा रणगाडा. जन्म पुण्याचा, १९५०. खडकवासल्याला एनडीएत शिकले. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले तेव्हा २१ वर्षांचे होते, मरणोत्तर परमवीर चक्र. खुद्द तो रणगाडा नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. पण माझं किट मार्क ३ चं, आणि पूना हॉर्सचे सेंच्युरियन मार्क ७, त्यांचं इंजिन डेकच वेगळं. नुसतं नाव लिहून त्या रणगाड्याची नक्कल केली असं म्हणणं मला पटत नाही. म्हणून ह्या टरेटवर नाव नाही. मार्क ७ चं किट मिळालं की तेव्हा, हात बसल्यावर, पूर्ण अभ्यास करून.

आता मदत हवी आहे ती ट्रॅकची (चाकांवरच्या पट्ट्यांची). तामियाच्या रबरी ट्रॅकवर रंग टिकत नाही, वाकवला की पापुद्रा निघतो. साबणाने धुऊन प्रायमर मारला, तरी तेच. स्कर्टमुळे वरची धाव झाकली जाते, पण समोरचा वळसा उघडाच आहे, आणि तिथेच नजर जाते. कोणी आधी ट्रॅक बसवून मग रंगवलं असेल तर कसं केलं ते सांगा. मी बुधवारी रात्री बसवणार आहे, ताडपत्री तोवर वाळेल.