काडी ‘इतर’मध्ये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘दातांच्या डॉक्टर असून काडीनं दात घासणाऱ्यांना तुम्ही रागवत कशा नाही?’ हे मला शिबिरात, लग्नात, कुठंही विचारतात.

कॉलेजात केसपेपर भरायला शिकवलं. दात कशानं घासता? ब्रश, बोट, इतर. माझी आजी त्या ‘इतर’मध्ये. पहाटे बांधावरच्या बाभळीची करंगळीएवढी काडी मोडायची, काटे काढायची, टोक चावून चावून कुंचा करायची. घासून झालं की तीच काडी मधोमध चिरून, वाकवून जीभ खरवडायची. चरकसंहितेत करंज, रुई, अर्जुनाच्या काड्या सांगितल्यात. आजीला चरक ठाऊक नव्हता, बाभूळ ठाऊक होती. आणि तिची ही नात अशाच बायांच्या कागदावर, तोंड नीट न बघता, ‘मौखिक स्वच्छता खराब’ लिहायची. विद्या इंग्रजीतून आली, तिच्यासोबत आपल्याच माणसांना अडाणी समजणंही आलं. ते सुटायला मला फार वर्षं लागली.

काडी आतल्या बाजूला नीट पोचत नाही, जोरात घासली तर हिरड्या सोलते, हे मी सांगतेच. मिश्रीला तर माझा ठाम विरोध. ती तव्यावर भाजलेली तंबाखूच, तोंडाचा कॅन्सर करणारी. पण बीडकडची ऊसतोड करणारी बाई म्हणते, ‘मिश्री लावली की भूक मरते,’ तेव्हा नुसतं रागावून काय होणार?

किनवटकडची एक आई लेकीला घेऊन आली. ‘कितीदा सांगितलं मॅडम, दात घास म्हणून. पाव्हणे बघून गेले, नको म्हणाले.’ पोरगी ओठ मिटून बसलेली. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. मी आरसा तिच्या हातात दिला आणि नखानं पट्टा खरवडायला लावला. निघाला नाही. हा मळ नव्हे, पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइड या क्षाराचा डाग. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. त्या भागात खोल बोअरला जास्त लागतं. आठेक वर्षांच्या आत, दात हाडात घडत असतानाच हा डाग बसतो. मग ब्रश झिजवला तरी जात नाही.

आईला रडू फुटलं. इतकी वर्षं तिनं लेकीला ‘घाणेरडी’ म्हटलं होतं.

आता ‘इतर’पुढं मी हातानं लिहिते: बाभूळ, कडुलिंब की करंज. खाली एक ओळ वाढवलीय, लहानपणी पाणी कुठलं. त्या पोरीच्या कागदावर तिथं लिहिलंय, ‘शाळेमागचा हातपंप.’