२ लाख ८० ची गाडी ३ लाख ६१ ला पडत होती

दोन महिन्यांपासून सेकंडहँड डिझेल गाडी शोधत होतो. सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीला रोजचं जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर आणि महिन्यातून एकदा सासुरवाडी लातूर, म्हणजे महिन्याला १२०० च्या वर रनिंग. आता डिझेलचा तो जुना फायदा काही उरला नाही म्हणा. पेट्रोलचे दर सरकारने २०१० च्या जूनमध्ये बाजारावर मोकळे सोडले आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, मधल्या चार वर्षात दोन्हीत इतका फरक होता की जो तो डिझेल घेत सुटला आणि त्याच गाड्या आज सेकंडहँडमध्ये फिरतायत. माझा हिशोब साधा होता, पेट्रोलवाली १६ देते, डिझेलवाली २०, म्हणजे आजच्या भावाने किलोमीटरमागे २ रुपये वाचतात, वर्षाला ३० हजार धरा.

एजंटने २०१३ ची दाखवली. १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं इंजिन, मूळ फियाटचं, जे स्विफ्टला होतं आणि पुंटो, व्हिस्टालाही होतं. त्यामुळे पार्ट कुठेही मिळतात, मिस्त्रीलाही शिकवावं लागत नाही, आणि आत रबरी बेल्ट नाही तर टायमिंगची लोखंडी चेन आहे. त्यातली ही नेमकी कुठली गाडी ते सोडा. पांढरी, एमएच १३, सीट कव्हर नवं, किंमत २ लाख ८०. बायकोला फोटो पाठवला तर ती लगेच रंगावर खूश.

अक्कलकोट रोडच्या आमच्या मिस्त्रीला सोबत नेलं. सकाळी ८ ला पोचलो, त्यांनी पहिलं काय केलं तर बॉनेटवर हात ठेवला. गरम! "थंड गाडी दाखवा म्हणलो होतो की ओ." एजंट म्हणाला आत्ताच धुवून आणलीय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर किती काढतं, यातच इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारतात ते) अर्धी कुंडली कळते आणि ती नेमकी आम्हाला बघू दिली नाही. मग चालू इंजिनवर ऑइलचं टोपण काढून तसंच उलटं तोंडावर ठेवलं. थोडं हलतंच म्हणे, पण हे टोपण तव्यावरच्या फुटाण्यासारखं उडायला लागलं आणि खालून भकभक धूर. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, कॉम्प्रेशन खाली उतरतंय. (तेल काळं दिसलं म्हणून मी तोंड वाकडं केलं तर हसले, डिझेलचं तेल बदलल्यावर चार दिवसात काळं होतंच म्हणाले.) टर्बोतून (इंजिनात जादा हवा कोंबतो तो) येणारी हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाईपात तेल, म्हणजे टर्बोवरही शंका, चौथ्या गिअरला चढावर आरपीएम वाढतंय पण गाडी हलत नाही, म्हणजे क्लच संपला. मीटर ७८ हजार दाखवतंय आणि क्लच पेडलचं रबर मात्र घासून गुळगुळीत, म्हणजे मीटरवर काही भरवसा नाही.

फिल्टरच्या खोक्यावर पेनाने आकडे टाकले. क्लच सेट ११ हजार, चार इंजेक्टर खोलून दुरुस्ती २२, टर्बो १८, सस्पेन्शन ९, टायर १६, बॅटरी ५. एकूण ८१ हजार. इंजिन खोलावं लागलं तर अजून ५०-६० वेगळे. माझ्या बचतीची जवळजवळ तीन वर्षं त्या खोक्यावरच संपली.

यात मला एक कळलं, सगळे खर्च सारखे नसतात. टायर, बॅटरी, क्लच यांचा आकडा आधीच माहीत असतो, तो सरळ किमतीतून कापून मागायचा. इंजेक्टर, टर्बो आणि इंजिनचं तसं नाही, खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही, तो जुगारच. पहिल्या जातीचा खर्च कितीही असू दे, बोलणी करा, दुसऱ्या जातीचा दिसला की गाडी स्वस्त वाटली तरी मागे फिरा. आणि दुसरं असं की लोन गाडीच्या किमतीवर मिळतं, दुरुस्तीला खिशातनंच घालायला लागतात.

दिल्ली पासिंगवाल्याही दाखवतात स्वस्तात. तिकडे १० वर्षं झालेल्या डिझेलवर बंदीचे नियम आले म्हणून त्या इकडे यायला लागल्या, पण एनओसी, इथला टॅक्स, पुन्हा पासिंग हे सगळं धरलं की ती स्वस्ताई कुठे जाते कळत नाही. इथल्या २०१३ च्या गाडीलाही २०२८ ला १५ वर्षं होणार, मग पुन्हा फिटनेस आणि पर्यावरण कर. (गंमत म्हणजे बीएस ४, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत पहिल्यांदा आलं त्यात मुंबई-पुण्याच्या जोडीला आपलं सोलापूर होतं, गावाला कधी कशाचा मान मिळेल सांगता येत नाही.)

शेवटी ३ लाख ४५ ला दुसरी घेतली, तेच इंजिन, २०१४ ची, एका रिटायर मास्तरांची. बिलांची फाईल होती, अगदी वायपरच्या रबराचंही बिल. सकाळी गेलो तर इंजिन गार, टोपण शांत. एजंट म्हणाला ६५ हजार जास्त देलालाव, मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फाईल चाळत बसले.

तरी ५० हजार बाजूला ठेवले होते, ते बरं केलं. तिसऱ्या महिन्यातच सस्पेन्शनचे पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड बदलायचे निघाले, साडेसहा हजार. आता एसी लावला की बारीक किरकिर येलालीय, उन्हाळ्याच्या आत दाखवायलाच लागणार, रविवारी जायचंय अक्कलकोट रोडला.