शिडी बघायला गेलो

खरं सांगायचं तर जेरुसलेमला येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये मी गेलो ते शिडीपायी. दर्शनी भिंतीवर उजव्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकवून ठेवलेली आहे. रोमन कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन असे सहा पंथ इथे नांदतात. कोणता कोपरा कुणी झाडायचा, दिवा कुणी लावायचा, सगळं ठरलेलं. एकमत झाल्याशिवाय काही हलवायचं नाही, म्हणून शिडीही तिथेच. मुख्य दाराची किल्ली मात्र मुसलमानांकडे! एक घराणं ती सांभाळतं, दुसरं दार उघडतं. भाऊबंदकीतले वाडे पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

व्हिया डोलोरोसाचे, म्हणजे येशू क्रूस घेऊन ज्या वाटेनं गेला असं मानतात त्या वाटेचे, चौदा थांबे करत आलो होतो. शेवटचे पाच याच चर्चच्या आत. कबरीपुढे लांबलचक रांग, वाकून आत, क्षणभर दर्शन, बाहेर. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना, तिच्या नावाच्या चॅपेलकडे (छोट्या प्रार्थनागृहाकडे) उतरणाऱ्या जिन्यात मात्र रेंगाळलो. भिंतभर बोटाएवढे क्रूस कोरलेत, ओळीनं, दाटीवाटीनं. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

परतताना दाराजवळच्या लालसर शिळेपाशी थबकलो. क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या देहाला इथे सुगंधी द्रव्यं लावली, अशी श्रद्धा. आत्ताची लादी १८१० सालची, हे मी वाचून आलो होतो आणि ते ज्ञान कुणाला तरी ऐकवायची मला खुमखुमीही होती.

शेजारी एक आजी गुडघे टेकून बसल्या. पिशवीतून छोटी बाटली काढली, तेल शिळेवर ओतलं, तळव्यानं पसरवलं. मग एक रुमाल काढून त्यानं ते टिपलं, घडी घातली, बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. असे सात झाले. प्रत्येक रुमाल घरी कुणाकुणासाठी न्यायचा असणार. माझं ज्ञान घशातच राहिलं.

मी बघतोय हे त्यांना कळलं. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सरकून जागा केली आणि खुणेनं विचारलं, तुझा रुमाल? नव्हताच. मग त्यांनी माझ्या टोपीकडे बोट दाखवलं. टोपी उलटी करून शिळेवर फिरवली. गुलाबाचा वास आला, कडेला तेलाचा डाग पडला.

बाहेर ऊन रणरणत होतं. टोपी डोक्यावर घालावी की पिशवीत जपून ठेवावी, काही ठरेना.