रिक्वेस्ट नेमकी लिहिली, म्हणून टेस्टिंगला वेळ मिळाला

3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलची 56वी बैठक झाली. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडं असलेल्या हॉटेलच्या खोलीवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येणार, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळणार नाही, असं त्या रात्री जाहीर झालं. अंमल 22 सप्टेंबरपासून. मी पणजीत बसून आमच्या हॉटेलांचं बिलिंग आणि अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. चवथ अजून सरली नव्हती, अकरा दिवसांचे गणपती घराघरांत होते आणि अकाउंट्समधली बरीच माणसं गावी होती.

दराचा आकडा बदलणं हे काम लहान. अवघड भाग क्रेडिटचा. आमच्याकडे 7,500 च्या खालच्या खोल्या आहेत तशा वरच्याही आहेत. वरच्यांवर 18 टक्के आणि क्रेडिट कायम, खालच्यांवर क्रेडिट नाही. म्हणजे वीज, लाँड्री, देखभाल अशा सामायिक खर्चावरचं क्रेडिट जीएसटीच्या नियम 42 प्रमाणे वाटून काही भाग उलटवावा, म्हणजे परत करावा लागणार. हे सगळं खऱ्या, ताज्या डेटावर तपासायला हवं होतं, आणि आमच्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीतला, डेटा मागच्या हंगामातला.

सॉफ्टवेअर क्लाऊडवर आहे, डेटाबेस आमच्या हातात नाही. प्रॉडक्शनची, म्हणजे रोजचं खरं काम चालतं त्या सिस्टिमची, प्रत टेस्टवर आणायची, म्हणजे रिफ्रेश करायचा, तर सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑपरेशन्स टीमकडे पोर्टलवरून सर्व्हिस रिक्वेस्ट टाकावी लागते. ती वाचणारा माणूस वेगळ्या देशात, वेगळ्या शिफ्टमध्ये असतो. त्याला गोवा ठाऊक नसतो, चवथ ठाऊक नसते. त्याला एकही प्रश्न उलट विचारावा लागू नये, असंच मी लिहायचं ठरवलं. कारण त्याने प्रश्न विचारला की तिकीट, म्हणजे आमची ही रिक्वेस्ट, ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ या स्थितीत जातं आणि त्यांच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. प्रश्न आपल्या मध्यरात्री आला तर अख्खी रात्र वाया.

म्हणून दोन्ही एन्व्हायर्नमेंटची नावं पोर्टलवर दिसतात तशीच उतरवून घातली आणि कुठून कुठे कॉपी करायची ते दोनदा लिहिलं, कारण दिशा उलटली तर प्रॉडक्शनच पुसलं जाईल. वेळ भारतीय आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशी दोन्ही दिली. आपण साडेपाच तास पुढे असतो, त्यामुळे आपली रविवार पहाटे 2:00 ही यूटीसीत शनिवारची 20:30 होते, तारीखच बदलते. टेस्टवर आम्ही केलेले दोन रिपोर्ट प्रॉडक्शनवर गेलेले नव्हते. रिफ्रेशमध्ये ते उडाले असते, म्हणून ते आधी एक्स्पोर्ट करून ठेवले. आमच्या बाजूची मंजुरी फायनान्सप्रमुखांची लागते. तीही आधीच मिळवून सोबत जोडली.

प्राधान्याच्या रकान्यात सगळ्यात वरचा पर्याय निवडण्याचा आग्रह ऑफिसात झाला. मी तो मानला नाही. तो पर्याय प्रॉडक्शन बंद पडलं तर वापरायचा असतो. आपण तो चुकीच्या कारणासाठी वापरला, तर तिकीट खाली ढकलण्यातच वेळ जातो. साधं प्राधान्य ठेवलं आणि कारणात लिहिलं की अंमलाची तारीख सरकारने ठरवली आहे, ती आम्हाला पुढे नेता येत नाही. पहिल्याच उत्तरात त्यांनी नेहमीच्या रांगेपेक्षा अलीकडची तारीख दिली.

रिफ्रेश झाल्यानंतरचा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रॉडक्शनची प्रत येते तेव्हा तिच्याबरोबर प्रॉडक्शनच्या जोडण्याही येतात: ईमेल, पेमेंट गेटवे, बुकिंगच्या साइट्स. टेस्टमध्ये कोणी एक बुकिंग रद्द केलं, तर खऱ्या पाहुण्याला रद्द झाल्याची मेल जाऊ शकते. म्हणून बाहेर जाणारी मेल आणि शेड्यूल्ड जॉब्ज (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बंद ठेवूनच एन्व्हायर्नमेंट आमच्या ताब्यात द्या, ही अट रिक्वेस्टमध्येच होती. तरीही ताब्यात आल्यावर मी प्रत्येक जोडणी स्वतः उघडून पाहिली, मगच लॉगिन वाटले. दुसरी गोष्ट पासपोर्टची. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्ट क्रमांक आमच्याकडे साठतात. टेस्टिंगला बसणाऱ्या कोणालाही ते दिसायचं कारण नाही. नावं, फोन, पासपोर्ट हे सगळं झाकण्याची स्क्रिप्ट आधी चालवली. विश्वासाने कागद देणाऱ्या पाहुण्याचं एवढं तरी आपण पाहायलाच हवं.

मग खरं टेस्टिंग. रिसेप्शनवरच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, 21 ला रात्री एक वाजता आलेल्या पाहुण्याचं काय?” प्रश्न अगदी नेमका होता. हॉटेलच्या सॉफ्टवेअरचा दिवस बारा वाजता बदलत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब रात्री बंद करण्याचं काम, झाल्यावर बदलतो. कॅलेंडरवर 22 उजाडलेली असते, सिस्टिममध्ये अजून 21 च असते. आगाऊ पैसे भरलेल्यांचा गुंता वेगळा. तिथे जीएसटी कायद्याचं कलम 14 लागू होतं: सेवा, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला, त्या बाजूचा दर. आम्ही त्याच्या सगळ्या जोड्या खऱ्या बुकिंगवर चालवून पाहिल्या. जुन्या डेटावर यातलं काहीच सापडलं नसतं.

बदल रविवारी रात्री नाइट ऑडिटच्या वेळेला धरून प्रॉडक्शनवर गेले. सोमवारी घटस्थापना होती, आणि सकाळच्या चेकआउटची बिलं मी अकाउंट्सबरोबर एकेक करून तपासली. ऑपरेशन्स टीमने रिक्वेस्ट बंद करायची का म्हणून विचारलं, तेव्हा मी कारण देऊन ती उघडी ठेवायला सांगितली: उलटवलेल्या क्रेडिटचे आकडे टेस्टशी ताडून पाहायचे होते, आणि सप्टेंबरचं रिटर्न भरून होईपर्यंत त्या एन्व्हायर्नमेंटवर दुसरा रिफ्रेश नको होता. त्यांनी ते मान्य केलं. रिटर्न गेल्यावर अकाउंट्समधून फोन आला आणि मग मी ती बंद केली.