दोन बोटं आत

मागच्या आठवड्यात माझ्या फुटबॉलच्या पोरांचा हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारायचा सराव चालू होता. एक पंधरा वर्षांचं पोरगं उडी मारून खाली आलं आणि त्याचा उजवा गुडघा आत, डाव्या गुडघ्याकडे पडला. फार नाही, दोन बोटं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

"दुखतंय काय रे?"

"न्हाई सर."

"खरं सांग."

"खेळतो की सर!"

हे 'खेळतो की' माझ्या ओळखीचं आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच असली की आदल्या रात्री झोप यायची नाही. गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा स्टँडात बसलेली असायची. अशा वेळी पाय दुखतोय म्हणायचं म्हणजे तोंड कुठे लपवायचं? पुढे मुंबईतल्या एका संघाने घेतलं, खेळायचा पगार मिळू लागला, पण ही सवय काही सुटली नाही. एका मॅचच्या आधी आठवडाभर गुडघा सुजलेला होता. दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन मला उतरवलं. मीही नको म्हणालो नाही. दुसऱ्या हाफमध्ये बॉल घेऊन वळलो, जवळ कुणीसुद्धा नव्हतं, आणि आतून 'कट्' असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटलं होतं. मी 26 वर्षांचा होतो. ऑपरेशन झालं, नऊ महिने व्यायाम केला, आणि संघाने करार वाढवला नाही. त्याचं दुःख अजून आहे. पण जास्त लागतं ते हे, की लहानपणापासून इतक्या लोकांनी मला खेळताना बघितलं, पण उडीवरून खाली कसं यायचं हे एकानेही शिकवलं नाही.

म्हणून माझ्याकडे मोठ्या पोरांच्या सरावाची पहिली वीस मिनिटं बॉल पिशवीतच राहतो. फिफाचा '11+' म्हणून वॉर्म-अप आहे, पंधरा व्यायामांचा. हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी जोरात पळून दिशा बदलणं. त्यातला एक पोरांना अजिबात आवडत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि अंग लाकडासारखं सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. मांडीच्या मागे असा ताण येतो की दात आवळले जातात. माझं लक्ष मात्र उड्यांवर जास्त असतं. गुडघा पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे.

पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून आठ वर्षांचं पोर घेऊन आलेले वडीलही पहिल्याच दिवशी विचारतात, "सिलेक्शन कधी?" त्यांची आशा मला कळते. माझ्या वडिलांचीही होती. मी या पालकांना आजोबांची तालीम सांगतो. कुस्तीच्या आधी हौद्यातली माती खणून मऊ करायचे, मगच पोरं उतरायची. एप्रिलमधलं आमचं मैदान फरशीसारखं टणक असतं, ते कोण खणणार? मऊ करायचं ते पोराचं अंगच.

त्या पोराला रविवारच्या मॅचला बसवलं. आम्ही 2-1 ने हरलो. त्याचे वडील माझ्याशी न बोलता गाडीला किक मारून निघून गेले.

सोमवारी पोरगं पावणेसहालाच हजर. डॉक्टरांना दाखवून आलं होतं, आतली काही दुखापत नव्हती. मी त्याला पायरीवरून हळूच उतरायला लावलं आणि समोरून मोबाईलवर शूटिंग केलं. मग दोघं कट्ट्यावर बसलो. त्याने व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"आत पडतोय की सर," म्हणाला, आणि उठून परत पायरीवर जाऊन उभा राहिला.